वजाबाकीने आलेली ओळ

१८ जुलै २०२२ हा सोमवार होता. ब्रिटनच्या हवामान खात्याने त्याच्या तीन दिवस आधी, देशाच्या इतिहासात प्रथमच, अति उष्णतेसाठी लाल इशारा दिला होता. सोमवारी आणि मंगळवारी अगदी गरज असेल तरच प्रवास करा, असे रेल्वेने सांगितले होते, आणि आमच्या कार्यालयानेही ज्याला जमेल त्याने घरूनच काम करावे, असा निरोप पाठवला होता. मी तरीही कार्यालयात गेले, कारण लंडनमधले माझे भाड्याचे घर थेट छपराखाली होते, थंडीत ऊब धरून ठेवण्यासाठी बांधलेल्या त्या विटांच्या घरात आदल्या दिवशीची उष्णता रात्रभर मुक्कामाला राहिली होती, आणि कार्यालयात निदान वातानुकूलन होते. ‘तुला तर याची सवय असेल’ असे त्या आठवड्यात मला किमान चार जणांनी ऐकवले. माझे बालपण विदर्भात गेले असल्यामुळे ३८ अंश हा आकडा मला नवा नव्हता. पण पंखा, कूलर, झाडाची सावली आणि दुपारी दारे-खिडक्या लावून घेण्याची रीत यांपैकी काहीच नसलेल्या घरात तो आकडा सोसणे मलाही नवेच होते.

मी शिक्षणाने यंत्र अभियंता असून त्या वेळी एका छोट्या सल्लागार कंपनीत काम करत होते. इंग्लंडमधल्या स्थानिक काउन्सिलांच्या हद्दीत किती हरितगृह वायू उत्सर्जित होतात ते मोजणे, आणि ते कमी करण्याचा आराखडा त्यांना तयार करून देणे, हे आमचे काम. २०१९ च्या मे महिन्यात ब्रिटिश संसदेने हवामान आणीबाणी जाहीर करणारा ठराव संमत केला. त्याच्या आगेमागे देशभरातल्या काउन्सिलांनीही तसेच ठराव केले, आणि ठराव करून झाल्यावर ‘आता पुढे काय’ हा प्रश्न घेऊन त्या आमच्यासारख्या कंपन्यांकडे आल्या. त्या आठवड्यात अशाच एका काउन्सिलचा मसुदा बुधवारपर्यंत द्यायचा होता, आणि तो जवळजवळ तयार होता.

आराखड्याचा जीव एका तक्त्यात असतो. डावीकडे उपाय लिहायचा, मग तो किती घरांना, किती वाहनांना किंवा किती इमारतींना लागू होईल ते, मग तो कोणत्या वर्षापर्यंत पूर्ण होईल ते, आणि उजवीकडे त्यातून किती टन उत्सर्जन वाचेल ते. गॅस बॉयलर काढून हीट पंप बसवणे, पोकळ भिंतींमध्ये आणि छपराखाली इन्सुलेशन भरणे, डिझेलच्या बसऐवजी विजेच्या बस आणणे, काउन्सिलच्या मालकीच्या छपरांवर सौर पॅनेल लावणे, अशा साधारण वीस-बावीस ओळी. तळाशी बेरीज यायची, आणि ती काउन्सिलने स्वतः जाहीर केलेल्या उद्दिष्टाशी जुळायला हवी.

माझी बेरीज उद्दिष्टाच्या ९४ टक्क्यांवर थांबली होती. उरलेल्या ६ टक्क्यांसाठी तक्त्यात एक ओळ होती: ‘इतर उपाय व बदलत्या सवयी’. इतर प्रत्येक ओळीच्या मागे एक स्वतंत्र पान होते, त्यात गृहीतके, दर, घरांची संख्या असे सगळे मांडलेले होते. या ओळीच्या मागे मात्र काहीच नव्हते, कारण ती मोजून आलेली नव्हती, वजाबाकीने आली होती. शंभरातून चौऱ्याण्णव गेले, उरले सहा. ते सहा तक्त्याच्या त्या घरात जाऊन बसले. मी हे लपवले होते असे म्हणता येणार नाही, कारण स्प्रेडशीट उघडून त्या घरावर टिचकी मारणाऱ्या कोणालाही सूत्र दिसले असते. पण स्प्रेडशीट कोणी उघडत नाही, सगळे छापील अहवाल वाचतात, आणि हे मला पक्के माहीत होते.

काही आठवड्यांपूर्वी मी आमच्या वरिष्ठांकडे हा विषय काढला होता. ते म्हणाले होते, ‘अगं, अशी एक ओळ प्रत्येक आराखड्यात असते. सगळेच आजच मोजता आले असते तर काय हवे होते?’ (इंग्रजीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ हा भेद नसला, तरी त्यांचा स्वर नेहमी ‘अगं’चाच असायचा.) त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. दहा-पंधरा वर्षे पुढच्या आराखड्यात काही गोष्टी अनिश्चित राहणारच. मी ती ओळ तशीच ठेवली.

त्या सोमवारी दुपारी मात्र कोणाचेच कामात लक्ष नव्हते. लुटन विमानतळावर धावपट्टीचा पृष्ठभाग उष्णतेने खराब झाल्यामुळे विमाने थांबवली होती. हॅमरस्मिथ पुलाच्या लोखंडी साखळ्या तापून फुटू नयेत म्हणून त्यांच्यावर चंदेरी आवरण गुंडाळल्याची छायाचित्रे फिरत होती. सफक परगण्यातल्या सँटन डाउनहॅम येथे पारा ३८.१ अंशांवर गेला, आणि मंगळवार याहून वाईट असेल, असे सगळे सांगत होते. संध्याकाळ होत आली असताना माझ्या पलीकडच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने खुर्ची माझ्याकडे वळवली आणि म्हणाला, ‘आपण हरलो नाही, जिंकलो.’ मला आधी वाटले की तो क्रिकेटबद्दल बोलतो आहे.

तो उच्च न्यायालयाच्या निकालाबद्दल बोलत होता. ‘फ्रेंड्स ऑफ द अर्थ’, ‘क्लायंटअर्थ’ आणि ‘गुड लॉ प्रोजेक्ट’ या संस्थांनी ब्रिटिश सरकारच्या नेट झीरो, म्हणजे देशाचे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याच्या, धोरणाला आव्हान दिले होते. हे धोरण १९ ऑक्टोबर २०२१ रोजी, म्हणजे ग्लासगोची जागतिक हवामान परिषद तोंडावर आली असताना, मोठ्या थाटात प्रसिद्ध झाले होते. जून २०२२ मध्ये सुनावणी झाली होती, आणि देश भाजून निघत असताना नेमक्या त्याच सोमवारी न्यायमूर्ती होलगेट यांचा निकाल आला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडावी, तसला हा योग. न्यायालयांच्या तारखा हवामान पाहून ठरत नाहीत. सरकारचे धोरण २००८ च्या हवामान बदल कायद्याच्या कसोटीला उतरत नाही, असे न्यायमूर्तींनी म्हटले होते.

‘आपण’ हा शब्द माझ्या सहकाऱ्याने का वापरला, हे त्यानेच पुढच्या पाऊण तासात मला सांगितले. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा असलेला हा गृहस्थ तरुणपणी ‘फ्रेंड्स ऑफ द अर्थ’च्या एका स्थानिक गटात होता. ही संस्था ब्रिटनमध्ये १९७१ मध्ये उभी राहिली, आणि तिने पहिल्याच वर्षी केलेले आंदोलन अजूनही लोक सांगतात: श्वेप्स या शीतपेय कंपनीने परत न घेण्याच्या बाटल्या बाजारात आणल्या, तेव्हा कार्यकर्त्यांनी रिकाम्या बाटल्यांचा ढीग तिच्या लंडनमधल्या कार्यालयासमोर नेऊन ठेवला. आमची या संस्थेविषयीची कल्पना साधारण अशीच असते, म्हणजे फलक, ढीग, मुखवटे आणि छायाचित्रकार. सहकाऱ्याचे म्हणणे होते की संस्थेचे सर्वांत मोठे काम याच्या अगदी उलट जातीचे, कमालीचे कंटाळवाणे होते, आणि म्हणूनच ते टिकले.

२००५ मध्ये संस्थेने ‘द बिग आस्क’ नावाची मोहीम सुरू केली. मागणी एकच होती: उत्सर्जन दर वर्षी ठरावीक प्रमाणात, त्यांच्या मते ३ टक्क्यांनी, कमी करण्याचे बंधन सरकारवर कायद्याने घालावे. रेडिओहेड या वाद्यवृंदाचा गायक थॉम यॉर्क मोहिमेचा चेहरा झाला, पण खरे काम मतदारसंघांत चालले होते. कायद्याचा मसुदा संस्थेने स्वतःच तयार करून घेतला होता, आणि मायकेल मीचर, जॉन गमर आणि नॉर्मन बेकर या तीन वेगवेगळ्या पक्षांच्या खासदारांनी तो उचलून धरला होता. ब्रिटिश संसदेत असा एक प्रकारचा ठराव असतो की ज्यावर प्रत्यक्ष चर्चा सहसा होत नाही, पण पाठिंबा असलेले खासदार त्यावर सही करू शकतात. या विषयावरच्या ठरावावर ६४६ पैकी ४१२ खासदारांनी सह्या केल्या. माझा सहकारी त्या काळात दर महिन्याला आपल्या खासदाराच्या जनता दरबारात जाऊन बसायचा. ‘तिसऱ्या खेपेला त्यांनी मला पाहूनच सही करून टाकली,’ तो म्हणाला, ‘पटले म्हणून की कंटाळून, ते मला आजही ठाऊक नाही.’

२००६ च्या नोव्हेंबरमध्ये राणीच्या भाषणात हवामान विधेयकाचा उल्लेख आला, आणि २६ नोव्हेंबर २००८ रोजी कायदा मंजूर झाला. संस्थेत हवामानाचे काम पाहणाऱ्या ब्रायनी वर्दिंग्टन या सरकारच्या मसुदा तयार करणाऱ्या गटात गेल्या, आणि पुढे २०११ मध्ये त्या वरिष्ठ सभागृहाच्या सदस्य झाल्या. मुळात विधेयकात २०५० पर्यंत ६० टक्के कपातीचे उद्दिष्ट होते. ते कायदा होईपर्यंत ८० टक्के झाले, आणि २०१९ मध्ये १०० टक्के, म्हणजे नेट झीरो. मात्र संस्थेला सगळेच मिळाले असे नाही. दर वर्षीच्या कपातीचे बंधन सरकारने स्वीकारले नाही. त्याऐवजी पाच-पाच वर्षांची कार्बन बजेट आली, म्हणजे त्या पाच वर्षांत देशाने एकूण किती टन उत्सर्जन करायचे याची मर्यादा, आणि ती कालखंड सुरू होण्याच्या सुमारे बारा वर्षे आधी निश्चित करायची. २०३३ ते २०३७ या काळासाठीचे सहावे बजेट ९६.५ कोटी टन कार्बन डायऑक्साइडइतके आहे. सरकारला सल्ला देण्यासाठी एक स्वतंत्र हवामान बदल समिती नेमली गेली. ती दर वर्षी संसदेसमोर प्रगतीचा अहवाल ठेवते आणि सरकारला त्याला उत्तर द्यावे लागते. पुढे अनेक वर्षे या समितीचे अध्यक्षपद, लॉर्ड डेबेन झालेल्या त्याच जॉन गमर यांच्याकडे होते.

‘आम्ही सगळे ८० टक्क्यांसाठी नाचलो,’ सहकारी म्हणाला. ‘तेराव्या कलमाकडे आमच्या गटातल्या एकानेही पाहिले नव्हते.’

मी निकाल उघडला तो हे तेरावे कलम पाहण्यासाठी. न्यायालयाचे निकाल वाचण्याची मला सवय नाही, आणि शेकडो परिच्छेद पाहून प्रथम मी दचकले. पण थोड्याच वेळात माझ्या लक्षात आले की हा निकाल म्हणजे जवळजवळ माझ्याच कामाचे वर्णन आहे. तेरावे कलम सांगते की कार्बन बजेट पाळले जाईल असे मंत्र्याला वाटेल असे प्रस्ताव आणि धोरणे त्याने तयार केली पाहिजेत. चौदावे कलम सांगते की ती धोरणे मांडणारा अहवाल त्याने संसदेपुढे ठेवला पाहिजे. सरकारी अधिकाऱ्यांनी सहाव्या बजेटसाठी उपायांची बेरीज केली होती. ती आवश्यक कपातीच्या सुमारे ९५ टक्क्यांपर्यंत पोहोचत होती. उरलेले ५ टक्के अद्याप मोजता न आलेल्या उपायांमधून भरून निघतील, असा त्यांचा भरवसा होता. प्रसिद्ध झालेल्या धोरणात ही ९५ आणि ५ ची फोड कुठेही नव्हती. ती बाहेर आली ती हा खटला चालू असताना.

हे वाचताना माझ्या मानेवरून घाम ओघळला, आणि वातानुकूलन चालू होते.

मी पुढे वाचत गेले. न्यायमूर्तींच्या विवेचनातला जो भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटला, तो दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यांमध्ये फारसा आला नाही. मोजलेल्या उपायांची बेरीज शंभर टक्केच भरली पाहिजे असे कायदा म्हणत नाही, हे त्यांनी स्पष्ट केले होते. संस्थांचा तो युक्तिवाद त्यांनी स्वीकारला नव्हता, आणि मानवी हक्कांच्या आधारे मांडलेला मुद्दाही फेटाळला होता. म्हणजे तूट असणे हा दोष नव्हता. दोष असा होता की ज्या मंत्र्याने ‘या धोरणांनी बजेट पाळले जाईल’ असा निर्णय घ्यायचा, त्याच्यासमोर कोणत्या उपायातून किती कपात होणार याची फोड ठेवलीच गेली नव्हती. त्यामुळे उरलेले ५ टक्के कशातून येणार, आणि ज्यांच्यावर भिस्त ठेवली आहे ते उपाय कितपत भरवशाचे आहेत, याचा विचार त्याला करताच आला नसता. आणि अहवालात संख्यांचे स्पष्टीकरण नसल्यामुळे संसदेला आणि जनतेलाही तो करता आला नसता. मार्च २०२३ संपेपर्यंत सरकारने नवा अहवाल संसदेपुढे ठेवावा, असा आदेश होता.

पर्यावरण संस्थांचा प्रभाव मोजायचा कसा, यावर आमच्या क्षेत्रात पुष्कळ बोलले जाते, आणि बहुधा फलकांवरच्या मागणीची कायद्यातल्या आकड्याशी तुलना करून तो मोजला जातो. त्या हिशोबाने ‘द बिग आस्क’ अर्धवट यशस्वी म्हणावी लागेल. ३ टक्के मागितले आणि पाच वर्षांची बजेट मिळाली. पण २००८ मध्ये कायद्यात गेलेली खरी गोष्ट कोणताही आकडा नव्हती. मंत्र्याने हिशोब मांडला पाहिजे आणि तो दाखवला पाहिजे, ही सक्ती होती. आणि जिने ती मागितली तीच संस्था चौदा वर्षांनी वसुलीला दारात उभी राहिली होती. आता या संस्थेची प्रत्येक भूमिका मला पटते असे नाही. अणुऊर्जेला तिने दीर्घकाळ केलेला विरोध मला, एक अभियंता म्हणून, महागात पडलेला वाटतो. न्यायालयाच्या आदेशाने एकाही घराच्या छपराखाली इन्सुलेशन भरले जात नाही, हेही खरे आहे; २०१२ नंतर सरकारी योजना आटल्यावर त्या देशात इन्सुलेशनचे काम किती घसरले हे माझ्याच तक्त्यातल्या एका ओळीला दर वेळी ठेच लावून सांगत असे. पण त्या संध्याकाळी माझ्यासमोर मंत्री नव्हता, सरकारही नव्हते; माझी स्वतःची ‘इतर उपाय व बदलत्या सवयी’ होती.

मी वरिष्ठांना फोन केला. ते घरी होते, पाय थंड पाण्याच्या टबात ठेवून बसले होते, असे त्यांनीच सांगितले. निकालाची बातमी त्यांनी वाचली होती. ‘आपल्याला काय त्याचे?’ ते म्हणाले. ‘हा कायदा मंत्र्याला लागू आहे. काउन्सिलवर कार्बन बजेट पाळण्याचे कायदेशीर बंधन नाही, आणि आपल्यावर तर नाहीच नाही.’

‘बंधन नाही हे मला कळते,’ मी म्हणाले. ‘पण ज्या माणसाने आपला आराखडा हातात घेऊन काउन्सिलच्या बैठकीत हात वर करायचा, त्याला आपण काय दाखवतो आहोत? त्याच्यासमोरचा कागद आणि त्या मंत्र्यासमोरचा कागद यांत फरक काय?’

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘पाच आणि सहा टक्के, एवढाच फरक,’ आणि स्वतःच हसले. पण पुढे त्यांनी जे सांगितले ते हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. त्यांचे म्हणणे असे की ९४ टक्क्यांचा आराखडा नगरसेवकांपुढे ठेवला, तर विरोधक तो सहा टक्के उणा म्हणून फेटाळतील, आणि ९४ टक्क्यांपैकी एकाही टक्क्याचे काम सुरू होणार नाही. शंभराचा ठेवला तर निदान नव्वदाचे तरी काम मार्गी लागेल. हा युक्तिवाद मी आधीही ऐकला होता, आणि त्यात तथ्य नाही असे मी आजही म्हणणार नाही. शेवटी ते म्हणाले, ‘बुधवारची मुदत हलणार नाही. तेवढ्यात तुला काय करता येईल ते कर.’

मंगळवारी घराबाहेर पडणे शक्यच नव्हते. लिंकनशायरमधल्या कॉनिंग्सबी येथे त्या दिवशी ४०.३ अंश तापमान नोंदले गेले, ब्रिटनमध्ये प्रथमच चाळिसाच्या वर. लंडनच्या पूर्व टोकाला वेनिंग्टन गावात गवताला लागलेली आग घरांपर्यंत पोहोचली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतरचा आपला सर्वांत धावपळीचा दिवस हाच, असे लंडनच्या अग्निशमन दलाने सांगितले. मी खिडक्यांना ओल्या चादरी लावल्या, जमिनीवर बसले, आणि ती ओळ फोडायला घेतली.

एखादी ओळ फोडणे म्हणजे तिच्यातल्या प्रत्येक शब्दाला ‘म्हणजे नेमके काय?’ असे विचारणे. ‘बदलत्या सवयी’ म्हणजे काय? लोक गाडी कमी वापरतील? तर मग ते आमच्या बसच्या आणि सायकल मार्गांच्या ओळींत आधीच धरले होते. इथे ते दुसऱ्यांदा मोजले गेले असते. तो भाग मी काढून टाकला. ‘इतर उपाय’ म्हणजे काय? त्यात दोन गोष्टी खरोखर होत्या: गावातल्या छोट्या कारखान्यांमधल्या भट्ट्या, ज्यांची माहिती मिळाली नव्हती, आणि कचऱ्याच्या जुन्या डेपोतून निघणारा मिथेन, ज्याचे मोजमाप एका जुन्या अहवालात होते आणि तो माझा वाचायचा राहून गेला होता. मिथेनचा अंदाज त्या अहवालावरून बांधता आला. कारखान्यांसाठी मी एक कमी आणि एक जास्त असा पल्ला दिला आणि तो कशावरून दिला ते लिहिले. रात्री साडेअकरापर्यंत सहापैकी चार टक्क्यांना नाव, पान आणि शंका अशा तिन्ही गोष्टी मिळाल्या. दोन टक्के तसेच उरले. त्यांच्यासाठी मी एक नवी ओळ घातली: ‘उपाय अद्याप ठरलेला नाही’. एवढे चार शब्द तक्त्यात लिहायला मला त्या दिवशीच्या कुठल्याही गणितापेक्षा जास्त वेळ लागला.

बुधवारी सकाळी वारा फिरला होता आणि पाऊस शिंपडून गेला होता. काउन्सिलच्या ज्या अधिकारी बाई आमचे काम पाहत होत्या, त्यांच्याशी व्हिडिओवर बैठक झाली. शांत स्वभावाच्या, मोजके बोलणाऱ्या अशा त्या होत्या, आणि एकेक ओळ पेन्सिलने टिपत पुढे जाण्याची त्यांची पद्धत होती. शेवटच्या ओळीवर पेन्सिल थांबली.

‘हे असे नगरसेवकांपुढे ठेवायचे?’ त्यांनी विचारले.

मी म्हणाले, ‘आधीच्या मसुद्यात हे दोन टक्के होतेच. फक्त त्यांना दुसरे नाव दिले होते.’

त्यांनी सोमवारचा निकाल वाचला होता की नाही, हे मी विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. बराच वेळ त्या तक्त्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी जो तोडगा काढला तो अस्सल सरकारी अनुभवातून आलेला होता: सारांशाच्या पानावर फक्त एकूण बेरीज आणि ‘सविस्तर फोड परिशिष्टात पाहावी’ असे वाक्य जाईल, आणि तक्ता माझ्या त्या ओळीसकट परिशिष्टात जाईल. माझ्या वरिष्ठांचा चेहरा मोकळा झाला. मला ते तितकेसे आवडले नाही, कारण परिशिष्ट उघडणारे वाचक स्प्रेडशीट उघडणाऱ्यांपेक्षा फार जास्त नसतात. पण फोड छापली जाणार होती, आणि तिच्यावर काउन्सिलचे नाव असणार होते. मी मान्य केले.

सरकारने आपला नवा आराखडा आदेशाप्रमाणे ३० मार्च २०२३ रोजी प्रसिद्ध केला. या वेळी उपायांची यादी आकड्यांसह छापलेली होती, आणि सहाव्या बजेटसाठी लागणाऱ्या कपातीपैकी ९७ टक्क्यांचे मोजमाप त्यात होते. मी ते तक्ते एखादी कादंबरी वाचावी तसे रात्री जागून वाचले; पाच वर्षांपूर्वी असे काही सरकारने छापले असते तर आमच्या निम्म्या गृहीतकांचे काम वाचले असते. त्याच संस्था पुन्हा न्यायालयात गेल्या, आणि ३ मे २०२४ रोजी न्यायमूर्ती शेल्डन यांनी हाही आराखडा बेकायदेशीर ठरवला. या खेपेस प्रश्न बेरजेचा नव्हता. यादीतला प्रत्येक उपाय पूर्णपणे अमलात येईल असे मंत्र्यांनी गृहीत धरले होते, आणि त्या गृहीताला त्यांच्यासमोरच्या माहितीत आधार नव्हता.

मी तोवर दुसऱ्या कंपनीत गेले होते. त्या शुक्रवारी संध्याकाळी मला काउन्सिलच्या त्या अधिकारी बाईंचा ईमेल आला. जवळजवळ दोन वर्षांत आमचा काहीच संपर्क नव्हता. नमस्कार, चौकशी, हवापाणी असे काही नव्हते. एकच प्रश्न होता, परिशिष्टातल्या तक्त्यात प्रत्येक उपायापुढे तो फसण्याची शक्यता लिहायचा एक स्तंभ वाढवायचा झाल्यास किती दिवस लागतील. मी उत्तरात तीन आठवडे लिहिले, आणि ती शेवटची ओळ अजून आहे का असे विचारले.

‘आहे,’ त्यांनी कळवले. ‘दोनाचा दीड झाला आहे.’